डब्यातील प्रथिने आणि ताटातील प्रथिने

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आरोग्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी वैद्य नव्हे, शास्त्राचा पदवीधरही नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलेला आणि छत्तीस वर्षे मुलांना गणित व मराठी शिकवून निवृत्त झालेला एक साधा शिक्षक आहे. परंतु ज्या विषयावर मी बोलणार आहे, त्यात मला उपयोग झाला तो माझ्या गणिताचाच. म्हणून हे धाडस करीत आहे. विषय असा की, अंगावरची चरबी कमी करताना आणि स्नायू कमावताना प्रथिनांची भुकटी घ्यावी की नाही? आपल्या तरुण मंडळींच्या खोल्यांतून हे मोठमोठे डबे आता सर्रास दिसतात. वडीलधारी माणसे त्यांकडे संशयाने पाहतात आणि तरुण श्रद्धेने. दोघांचेही कसे चुकते, ते मी माझ्याच घरच्या अनुभवाने सांगणार आहे.

तीन वर्षांपूर्वी मला मधुमेह असल्याचे निष्पन्न झाले. डॉक्टरांनी वजन कमी करावयास सांगितले. मी शिस्तीचा माणूस. दुसऱ्या दिवसापासून निम्मे जेवण बंद केले. पाच महिन्यांत अठ्ठ्याहत्तर किलोचा मी अडुसष्टवर आलो. जो भेटे तो म्हणे, "गुरुजी, छान बारीक झालात." मलाही धन्यता वाटे. पुढे एका नातलगाच्या घरी सत्यनारायणाला गेलो असता, आरतीसाठी पाटावरून उठावयास गेलो तो उठताच येईना. दोन तरुणांनी बगलेत हात घालून मला उभे केले. त्या क्षणी माझ्या ध्यानात आले की, गेलेल्या दहा किलोंत केवळ चरबी नव्हती. माझ्या मांड्यांचे बळही त्याबरोबर गेले होते.

त्याच सुमारास माझा पुतण्या सुट्टीत घरी आला. तो शहरात वसतिगृहात राहून शिकतो आणि व्यायामशाळेत जातो. त्याच्या पिशवीतून एक भलामोठा डबा निघाला. मी विचारले, तर म्हणाला, "व्हे प्रोटीन." किंमत ऐकून माझा संताप अनावर झाला. त्यात हेही उघड झाले की, डबा परवडावा म्हणून हा मुलगा खानावळीतले रात्रीचे जेवण बंद करून नुसती भुकटी पाण्यात ढवळून पीत होता. मी त्याला नको ते बोललो. त्याने सारे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाला, "अण्णा, रागवू नका. पण तुमच्या ताटात प्रथिनं किती, ते तरी तुम्हाला माहीत आहे का?"

मला उत्तर देता आले नाही. छत्तीस वर्षे फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला हे कसे सहन व्हावे? मी वही घेऊन बसलो आणि त्यानंतर मिळेल ते वाचू लागलो. त्याचे सार आता आपल्यापुढे ठेवतो.

प्रथिनाला 'प्रोटीन' हे नाव १८३८ साली मिळाले. मुल्डर नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञाने ते प्रसिद्ध केले आणि स्वीडनच्या बर्झेलियसने ते सुचविले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'पहिल्या स्थानाचे'. आपल्या 'प्रथिन' शब्दातही 'प्रथम'चा ध्वनी उमटतो. आपले स्नायू घडतात ते मुख्यतः याच द्रव्यातून.

आता 'व्हे' म्हणजे काय? दूध फाडून चीज किंवा पनीर केले की जे पाणी उरते, तेच हे. आपल्या कित्येक गृहिणी ते फेकून न देता त्यात कणीक भिजवितात. चीज करताना दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के चीजच्या गोळ्यात जातात आणि २० टक्के या पाण्यात राहतात. हे पाणी गाळून, आटवून, वाळवून जी भुकटी होते ती डब्यात भरतात. तेव्हा वडीलधाऱ्यांनी प्रथम हे मान्य करावे की, ही भुकटी म्हणजे विष नव्हे आणि औषधही नव्हे; तो दुधाचाच एक अंश आहे.

आणि पूरक आहार आपल्याला नवा तरी कोठे आहे? तालमीतल्या पैलवानाचा खुराक आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. दूध, तूप, बदाम घोटून केलेली थंडाई, हा त्या काळचा डबाच होता. १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक देणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. ती परंपरा आपल्या मातीतली आहे. परंतु तालमीत क्रम असा असे की आधी जोर-बैठका आणि मग खुराक. हा क्रम उलटा केला की फसगत झालीच म्हणून समजावे.

याचा पुरावा अमेरिकेतील बोस्टन येथील एका प्रयोगात सापडतो. १९९४ साली तो प्रसिद्ध झाला. एका वृद्धाश्रमातील शंभर दुर्बळ वृद्धांवर तो केला होता. त्यांचे सरासरी वय ८७. काहींना पायांचा वजनाचा व्यायाम दिला, काहींना केवळ पोषक पेय, काहींना दोन्ही आणि काहींना दोन्हींपैकी काही नाही. दहा आठवड्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांचे बळ दुपटीहून अधिक झाले. ज्यांना केवळ पेय दिले होते, त्यांचा दुबळेपणा हटला नाही. विटांचा ढीग अंगणात येऊन पडला म्हणजे घर उभे राहत नाही, गवंडी लागतो. व्यायाम हा गवंडी आहे आणि प्रथिने या विटा आहेत.

आता चरबीकडे वळू. पुष्कळांचा समज असा की, व्यायामाने चरबीचा स्नायू होतो. तसे होत नाही. या दोन वस्तू भिन्न आहेत. चरबी जाते ती खर्चापेक्षा जमा कमी केल्याने. परंतु जमा कमी झाली की शरीर केवळ चरबीची पेटी उघडून थांबत नाही, ते स्नायूंतूनही उचल करते. स्नायूंना रोज काम नसेल आणि आहारात प्रथिने तुटपुंजी असतील, तर ही उचल मोठी होते. माझे नेमके हेच झाले होते.

याउलट काय घडू शकते, ते कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१६ सालच्या प्रयोगात दिसते. चाळीस स्थूल तरुणांचा आहार चार आठवडे गरजेपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी केला आणि सर्वांकडून आठवड्याचे सहा दिवस कठोर व्यायाम करून घेतला. एका गटाला शरीराच्या दर किलोमागे रोज १.२ ग्रॅम प्रथिने दिली, दुसऱ्याला २.४ ग्रॅम, त्यात व्हेचे पेय होतेच. पहिल्या गटाची चरबी सरासरी ३.५ किलोने घटली आणि चरबीविरहित वजन जवळजवळ तेवढेच राहिले. दुसऱ्या गटाची चरबी ४.८ किलोने घटली आणि चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढले. मात्र ते तरुण होते, स्थूल होते आणि घाम गाळीत होते, हे विसरू नये. घरात बसून डबा रिकामा करणाऱ्याला ही फळे मिळावयाची नाहीत.

मग प्रथिने किती लागतात? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सामान्य निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम हे प्रमाण दिले. वयस्करांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवितात. वजनाचा व्यायाम करणाऱ्यांबाबत अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१८ साली निघाला. त्यात सरासरीने १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूवाढीत भर पडताना दिसली नाही. याच पोषण संस्थेने २०२४ साली तर स्नायू कमावण्यासाठी भुकटी घेणे टाळा, असाच सल्ला दिला आहे. मी तो सल्ला मानतो. ताटातून भागत असेल, तेथे डबा नकोच. पण भागते की नाही, हे मोजल्यावाचून कसे कळावे?

म्हणून मी माझे ताट मोजले. सकाळचे पोहे ४ ग्रॅम, दोन वेळच्या मिळून दोन भाकऱ्या १२, अर्धी वाटी आमटी ३, चहातले दूध ३, भाजी ४, ताक २. एकूण २८ ग्रॅम. माझ्या अडुसष्ट किलोंना किमान ५६ हवेत. म्हणजे मी नेमका निम्म्यावर होतो! आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

मग मी पत्नीचे ताट मोजावयास निघालो. ती म्हणाली, "माझं काय मोजायचंय? उरेल ते मी खाते." बंधूंनो, या एका वाक्याने माझी लेखणी थांबली. सर्वांना वाढून झाल्यावर तळाशी राहिलेल्या आमटीत तिने पाणी घातलेले मी चाळीस वर्षे पाहत होतो. पाहत होतो, पण मोजले कधीच नव्हते. तिची बेरीज २२ ग्रॅमवर थांबली. पुतण्याच्या डब्यावर मी एवढा तडकलो होतो. पण माझ्या घरातला खरा तुटवडा त्या डब्यात नव्हता, तो स्वयंपाकघरात शेवटी बसणाऱ्या माणसाच्या ताटात होता.

आता भरपाईचा हिशेब. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यांत २५, पनीरात १८ ते २०, सोयाबीनच्या कोरड्या वड्यांत तर ५० च्या वर. एका अंड्यात ६ आणि पेलाभर दुधात ६ ते ७. शिवाय ज्वारी-बाजरीत जे घटक उणे असतात ते डाळी-कडधान्यांत असतात आणि डाळींतली उणीव धान्य भरून काढते. आपल्या आजीबाईंचे पिठले-भाकरी आणि उसळ-भाकरी हे जोड शास्त्राच्या कसोटीला उतरले आहेत.

मात्र चरबी घटवू पाहणाऱ्याला एक अडचण येते. २४ ग्रॅम प्रथिने शेंगदाण्यांतून मिळवावयाची, तर जवळजवळ शंभर ग्रॅम दाणे खावे लागतात आणि त्याबरोबर साडेपाचशेच्या वर कॅलरी पोटात जातात. डाळीतून मिळवावयाची, तर साडेतीनशेच्या वर. सोयाबीनच्या पन्नास ग्रॅम वड्यांतून तेवढीच प्रथिने पावणेदोनशे कॅलरींत मिळतात आणि भुकटीच्या एका मापातून सुमारे सव्वाशेत. भुकटीचा खरा गुण एवढाच आहे की, तिच्याबरोबर बाकीचा लवाजमा फारसा येत नाही. यात जादू कसलीही नाही.

डबा घेणाऱ्यांनी काही गोष्टींची खबरदारी घ्यावी. प्रथिने मोजण्याची रूढ रीत केल्डाल या डॅनिश शास्त्रज्ञाने १८८३ साली घालून दिली. तीत प्रथिन प्रत्यक्ष मोजत नाहीत. त्यातला नायट्रोजन मोजून गुणाकार करतात. लबाडाला येथे वाट सापडते. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाईन मिसळले गेले, ते याच फटीतून. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या ३६ भुकट्यांची तपासणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा बरोबर नव्हता. म्हणून सुटी, बिनशिक्क्याची किंवा मित्राने स्वस्तात आणून दिलेली भुकटी घेऊ नये. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक पाहावा. दूध न पचणाऱ्यांचे पोट साध्या व्हेने फुगते. आणि ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून प्रथिने वाढवूच नयेत. मीही आधी तपासणी करून घेतली.

पुढे काय झाले, ते सांगून आवरते घेतो. पुतण्याने रात्रीचे जेवण पुन्हा सुरू केले. त्याच्या पंचाहत्तर किलोंना १२० ग्रॅम हवेत. खानावळ देत होती ४५. दोन वाट्या घट्ट उसळ, दोन अंडी आणि अर्धा लिटर दूध यांनी तो नव्वदीपर्यंत गेला. उरलेल्यासाठी भुकटीचे एक माप घेतो. तीन मापे होती, ती एकावर आली आणि डबा तिप्पट दिवस पुरू लागला. मी भाकरी तेवढीच ठेवून घट्ट वरण, उसळ, दही आणि दूध वाढविले, तरी ५० च्या आसपासच थांबलो. तेव्हा ज्या डब्यावर मी संतापलो होतो, त्यातलेच एक माप मीही सकाळी घेऊ लागलो. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीवर जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, हा माझा व्यायाम. गेल्या वर्षी त्याच घरच्या सत्यनारायणाला मी पाटावरून आपला आपण उठलो. आणि आमच्या घरी आता सर्व ताटे एकदम वाढली जातात. पत्नीच्या वाटीत पाणी घातलेली आमटी येत नाही.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. आपल्या विद्यार्थी वसतिगृहाच्या खानावळीत दोन्ही वेळा एक वाटी घट्ट उसळ किंवा वरण आणि खाणाऱ्यांना अंडे, न खाणाऱ्यांना दही किंवा सोयाबीनची भाजी, एवढी सोय करावी. त्यासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ती वर्गणी मी आजच कार्यवाहांकडे देत आहे. गरीब घरातल्या मुलाला डब्यासाठी जेवण सोडावे लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे. आणि आपण सर्वांनी आज घरी गेल्यावर एक काम करावे. वही-पेन्सिल घेऊन घरातले प्रत्येक ताट मोजावे आणि मोजणीची सुरुवात शेवटी जेवणाऱ्या माणसापासून करावी.