पुन्हा पाहावी अशी मालिका

नव्या मालिकांच्या जाहिराती रोजच येतात. मग पाहावे तरी काय? मी म्हणेन, श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’. पंडित नेहरूंच्या ग्रंथावर आधारलेली ही ५३ भागांची मालिका १९८८ साली दूरदर्शनवर आली. आता ती यूट्यूबवर घरबसल्या पाहता येते. निदान अशोकाचा भाग तरी मुलांना घेऊन बघाच. ओम पुरींनी रंगविलेला अशोक पाहून झाला, की त्यांना आपल्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर न्या. १९६९-७० च्या उत्खननात तेथे प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. एखादी नवी मालिका चुकली तर बिघडत नाही. पण गावाचा इतिहास मुलांना आपण नाही सांगितला, तर सांगणार कोण?