घरच्यांच्या हातांनी पक्के घर
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. दोन्हींत पैसा लागतो आणि दोन्हींत घरातल्या प्रत्येकाला राबावे लागते. आज मी घराविषयी बोलणार आहे. घर बांधताना घरच्या माणसांनी कोणती कामे स्वतः करावीत, कोणती जाणकाराकडे सोपवावीत आणि कोणत्या कामात जराही कसूर करू नये, एवढेच मला सांगायचे आहे.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपण विसरलेलो नाही. गणेश विसर्जन करून गावे झोपली होती. चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे दगावली. ती घराखाली सापडून दगावली. मातीत बसवलेल्या दगडांच्या रुंद भिंती, बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा, मध्ये चिपांची भर आणि डोक्यावर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. हादऱ्याने भिंतीचे पदर सुटले आणि माळवद खाली आले. ती घरेही लोकांनी कष्टानेच उभी केली होती. कष्टात उणे नव्हते, पद्धतीत होते. म्हणून कष्टाला पद्धतीची जोड द्या.

बांधकाम केव्हा काढावे?

आपल्याकडे उन्हाळ्यात हात रिकामे असतात म्हणून घर उन्हाळ्यात काढतात. पण तेव्हाच विहीर तळाला गेलेली असते आणि सिमेंटच्या कामाला पाणी भरपूर लागते. खरीप घरात आले, रब्बीची पेरणी उरकली, की दिवाळीनंतर पाया घ्यावा. माघापर्यंत भिंती आणि स्लॅब व्हावा. विहिरीला पाणी असते, ऊन सौम्य असते आणि काम घट्ट होते. गिलावा, फरशी, रंग ही कामे पुढे सवडीने करता येतात.

आखणी आणि पाया

आखणी घरच्यांनी गवंड्याबरोबर उभे राहून करावी. कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहण्यासाठी कोपऱ्यापासून एका दोरीवर 3 फूट आणि दुसरीवर 4 फूट अंतरावर खूण करा. दोन खुणांमधले अंतर बरोबर 5 फूट भरले पाहिजे. सगळी आखणी झाल्यावर खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे हवेत.

काळ्या जमिनीत पाया उथळ ठेवू नका. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतही तिच्याबरोबर हलते. काळी काढून टाकून घट्ट मुरमापर्यंत जावे. काळीचा थर फारच खोल असेल तर अभियंत्याला जागा दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. चर खोदण्याचे काम घरच्यांना करता येते. त्यात मजुरी वाचते आणि आपण किती खोल गेलो हे आपल्या डोळ्यांनी दिसते.

मालाची पारख

दोन विटा एकमेकींवर वाजवा. खणखणीत आवाज आला पाहिजे. सुकी वीट तोलून चोवीस तास पाण्यात ठेवा आणि पुन्हा तोला. 3 किलोच्या विटेने 600 ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायले तर ती भट्टी नाकारा.

नदीची वाळू असेल तर काचेच्या बाटलीत अर्धी वाळू आणि वर मिठाचे पाणी घालून हलवा आणि दोन-तीन तास स्थिर ठेवा. वाळूवर गाळाचा थर बसेल. तो वाळूच्या थराच्या बाराव्या हिश्शापेक्षा जास्त असेल तर वाळू धुऊन घ्या.

सिमेंटची पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. खाली फळ्या घाला. तीन महिन्यांवर पडून राहिलेले सिमेंट स्लॅबला वापरू नका.

मोजून मिसळावे

सिमेंटचे एक पोते 35 लिटर भरते. तेवढ्याच मापाची लाकडी पेटी सुताराकडून करून घ्या. आतून 40 सें.मी. लांब, 35 सें.मी. रुंद आणि 25 सें.मी. उंच पेटी बरोबर 35 लिटरची होते. विटांच्या बांधकामाला एका पोत्यास सहा पेट्या वाळू लागते. स्लॅबला एका पोत्यास दीड पेटी वाळू आणि तीन पेट्या खडी लागते. घमेल्याच्या अंदाजाने प्रमाण बिघडते. कालव्यात पाणीही बेताने घाला. स्लॅबच्या मालात पोत्यामागे 25 ते 30 लिटरच्या पुढे पाणी नको, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पातळ माल ओतायला सोपा जातो, पण वाळल्यावर पोकळ राहतो.

पेटीपाशी घरचे एक जबाबदार माणूस उभे राहावे. गवंड्यावर अविश्वास दाखवण्यासाठी नव्हे, तर घाईत माप चुकू नये म्हणून. शाळेत जाणाऱ्या मुलांकडे वही द्यावी. आज किती पोती लागली, किती विटा आल्या, कोणाला किती पैसे दिले, हे त्यांनी रोज संध्याकाळी लिहावे.

भिंत एकजीव हवी

दगडाची भिंत बांधत असाल तर उंचीत दर 2 फुटांवर आणि लांबीत दर 4 फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालायला लावा. किल्लारीच्या घरांत हाच कमी होता. दारे-खिडक्या कोपऱ्यापासून निदान 2 फूट दूर ठेवा. जोत्यावर आणि दार-खिडक्यांच्या वर, सर्व भिंतींवरून अखंड फिरणारा काँक्रीटचा पट्टा घ्या. तो भिंतीइतका रुंद, किमान 3 इंच जाड आणि आत सळया-कड्या बांधलेला असावा. पिंपाला जशी लोखंडी पट्टी, तसा घराला हा पट्टा.

स्लॅबला पाणी

हे काम सर्वस्वी घरच्यांचे. आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. आमचा स्लॅब मे महिन्याच्या अखेरीस पडला. विहिरीला पाणी नव्हते आणि पेरणीची धावपळ होती. पाच दिवस पाणी मारले आणि मृगाचा पाऊस येतोच आहे म्हणून सोडून दिले. पाऊस पंधरा दिवस लांबला. स्लॅबला कोळिष्टकासारख्या बारीक चिरा पडल्या. पुढे दर पावसाळ्यात आईच्या चुलीवरचा कोपरा गळू लागला. सिमेंट चांगले होते, गवंडीही चांगला होता. चूक आमची होती.

स्लॅब टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी शेतात पाडतो तसे मातीचे वाफे पाडा आणि ते 14 दिवस भरलेले ठेवा. भिंतींवर ओले बारदान टाकून निदान दहा दिवस ओल टिकवा. प्रत्येक भिंतीवर बांधल्याची तारीख कोळशाने लिहा, म्हणजे पाणी कधीपर्यंत मारायचे हा वाद राहत नाही. सेंट्रिंग 14 दिवसांच्या आत काढू नका. गाळा मोठा असेल तर अभियंत्याला विचारूनच काढा.

जाणकाराची कामे

सळई बांधणे, सेंट्रिंग आणि विजेची जोडणी ही कामे घरी करू नका. वीज परवानाधारकाकडूनच घ्या आणि अर्थिंग करून घेतल्याशिवाय पंपाची किंवा घराची कळ दाबू नका.

शेवटचा हात

स्वयंपाकघराची आखणी घरातल्या बाईला विचारून करा. ओट्याची उंची पुस्तकावरून न ठरवता तिला उभे करून, कोपराच्या थोडी खाली घ्या. धुरासाठी खिडकी आणि न्हाणीच्या पाण्यासाठी परसबाग किंवा शोषखड्डा आधीच ठरवा.

चुन्याची सफेदी सगळ्यांनी मिळून करावी. कळीचा चुना विरवताना उकळतो, अंगावर उडतो. मुलांना दूर ठेवा, डोळे जपा. एक दिवस मुरवून, कापडाने गाळून, थोडा डिंक घालून पातळ दोन-तीन हात द्या.

घर एवढेच काढा जेवढे पुरे करता येईल. पीककर्ज भिंतीत घालू नका. पुढची पेरणी सावकाराच्या दारात नेते. 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घराचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर धरले आणि बांधकाम ठेकेदाराऐवजी कुटुंबानेच करावे असे ठरवले. दोन खोल्या पक्क्या करा, पुढे वाढवायची बाजू मोकळी ठेवा. काम पुरे झाले की ग्रामपंचायतीत नमुना 8 वर पती-पत्नी दोघांची नावे लावून घ्या. घमेली दोघांनी उचललेली असतात.

घरभरणीच्या दिवशी पाहुणे रंग पाहतील, फरशी पाहतील. पाया, आरपार दगड आणि चौदा दिवसांचे पाणी कोणाला दिसणार नाही. रात्री मुले मात्र त्याच्याच भरवशावर झोपतील.