पुढें न्या



महोत्सवाच्या सभेंत रुग्णसेवेविषयीं बोलावयाचें म्हणजे सेवेची स्तुति करावयाची, असा प्रघात आहे. आज तो आम्ही बाजूस ठेवणार आहों. जव्हार व मोखाडा या डोंगरी तालुक्यांत जीं माणसें तातडीच्या रोग्यांसाठीं रात्रंदिवस उभीं असतात, त्यांच्या उद्विग्नतेविषयीं आम्हांस बोलावयाचें आहे. आपल्या धर्मग्रामांतून परिचारिका झालेल्या मुली याच सभेंत बसल्या आहेत. त्यांस ती ठाऊक आहे.

रोग्याचा मार्ग कसा तें पाहा. पाड्यापासून सडकेपर्यंत डोली, म्हणजे बांबूला बांधलेली चादर. सडकेवरून १०८ क्रमांकाची गाडी. ही सेवा महाराष्ट्रांत २०१४ सालीं सुरू झाली. मग आरोग्यकेंद्र, मग मोखाड्याचें ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचें पतंगशाह कुटीर रुग्णालय, आणि तेथूनहि पुष्कळदां नाशिक. ऑगस्ट २०२२ मध्यें मोखाड्यांतील बोटोशीच्या मरकटवाडींत एका मातेस दिवस भरण्यापूर्वींच जुळें झालें. दोन्ही बाळें गेलीं. आणि तिला सुमारें ३ किलोमीटर डोलींतून न्यावें लागलें, कारण रस्ता नव्हता. (मुंबईस पाणी पाजणारें मध्य वैतरणा धरण याच तालुक्यांत आहे. धरणाला रस्ता मिळाला.)

सेरीन थॅडियस व डेबोरा मेन या दोन विदुषींनीं १९९४ सालीं मातांच्या मृत्यूंचा विचार करतांना विलंबाचे तीन प्रकार सांगितले: घरीं निर्णय होईपर्यंतचा, वाटेंतला, आणि रुग्णालयांत पोहोंचल्यावर उपचार मिळेपर्यंतचा. दारांत उभ्या असलेल्या डॉक्टरापुढें हे तिन्ही एकदम येऊन पडतात. पहिले दोन त्याच्या हातचे नव्हते. पण नातलगांस समोर दिसतो तो तोच.

मण्यार जातीच्या सापाचें घ्या. जमिनीवर निजलेल्यास तो रात्रीं चावतो. खूण बहुधा दिसत नाहीं, सूजहि नसते. पहांटे पोट दुखतें, मग पापण्या जड होतात. पोटदुखी समजून घरचीं माणसें भगताकडे जातात, आणि रोगी रुग्णालयांत येतो तेव्हां श्वास मंदावलेला असतो. प्रतिविष कपाटांत असतें, तें दिलेंहि जातें; परंतु खालावलेला श्वास केवळ त्यानें परत येत नाहीं, कृत्रिम श्वास तासन्‌तास चालू ठेवावा लागतो. औषध आहे, रोगी आहे, वेळ तेवढी निघून गेलेली! भगतावर संतापणें आम्हांस निरुपयोगी वाटतें. त्याच्याशीं बोलणें ठेवावें. ‘आधीं दवाखान्यांत न्या’ हें त्याच्याच तोंडून निघालें तर पाडा ऐकतो.

सर्वांत मोठें शल्य मात्र ‘पुढें न्या’ या दोन शब्दांचें आहे. शस्त्रक्रियेनें बाळंतपण करावयाचें तर शल्यवैद्य, भूल देणारा, बाळाकडे पाहणारा आणि रक्त हीं एकाच घटकेस हवींत. त्यांतलें एक नसलें कीं चिठ्ठी लिहावी लागते. नातलगांस ती ‘चालते व्हा’ अशी ऐकूं येते. रुग्णालयाबाहेरच्या बांकावर त्यांच्यासोबत आम्ही पुष्कळ रात्री बसलों आहों. चिठ्ठीच्या आधीं कोणी चार वाक्यें त्यांच्या बोलींत समजावून सांगितलीं, तर आरडाओरड क्वचित्‌च होते. अनुभवी परिचारिका याहून अधिक करतात. झटके येणाऱ्या मातेस मॅग्नेशियम सल्फेटचा, रक्तस्राव होणारीस ऑक्सिटोसिनचा पहिला डोस तेथेंच देवविला जातो; त्याची वेळ चिठ्ठीवर लिहितात; पुढल्या रुग्णालयास फोन करतात, आणि जमलें तर एकजण गाडींत बसते. हें सारें करूनहि कधीं घाटांतच सर्व संपतें, आणि दुसऱ्या दिवशीं तिला पुन्हां त्याच खोलींत उभें राहावें लागतें.

आतां आपल्याकडे वळूं. आदिवासी भागांत सरकारनें आरोग्यकेंद्रांशीं ‘माहेरघर’ म्हणून सोय केली आहे. दिवस भरत आलेल्या बाईनें आधींच येऊन तेथें राहावें, असा हेतु. ज्या बाईस दूरच्या पाड्यावरून यावयाचें तिला या सोयीची गरज अधिक. पण आषाढांत भाताची लावणी असते, घरीं मागचीं दोन मुलें असतात. परिचारिकेनें कितीहि आर्जव केलें तरी ती विचारते, ‘बाई, माझ्या पोरांना रांधून कोण घालील?’ या सभेनंतर महिलामंडळानें थोडें थांबावें. या प्रश्नावर आम्हांस त्यांच्याशीं बोलावयाचें आहे.