रुग्णाची भाषा आणि डॉक्टरांचे शिक्षण

नागपूरच्या मिहान परिसरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उभी आहे. तिच्या वैद्यकीय पदवीची पहिली तुकडी २०१८ साली दाखल झाली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी संस्थेचे राष्ट्रार्पण झाले. प्रवेश देशव्यापी परीक्षेद्वारे होत असल्याने येथील विद्यार्थी नाना प्रांतांचे असतात. रुग्ण मात्र बहुधा वऱ्हाडी, झाडीबोली वा गोंडी बोलणारा. ‘जीव घाबरते’ हे त्याचे शब्द शरीरशास्त्राच्या ग्रंथात सापडत नाहीत; रोगनिदानाचा प्रारंभ मात्र तेथूनच होतो.

वैद्यकीय शिक्षणात साहित्य, कला व समाजशास्त्र कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. कला म्हणजे स्नेहसंमेलनातील नाटक, असा समज रूढ आहे. अर्थात नाटकही निरुपयोगी नव्हे. रुग्णाची भूमिका वठविणाऱ्या विद्यार्थ्यास खाटेवरून डॉक्टर कसा दिसतो, हे उमजते.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे हेमलकशाला गेले. १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात रुग्णांशी बोलता यावे म्हणून ते माडिया भाषा शिकले. त्याच महाविद्यालयाचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’चे कार्य आरंभिले. आदिवासी रुग्णालयास का भितात, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. त्यांच्या सल्ल्याने रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे बांधले गेले, आप्तांना सोबत राहण्याची मुभा मिळाली आणि दंतेश्वरी देवीचे नाव त्यास दिले गेले. औषधे तीच होती. बदलली ती समजूत.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने १९६९ मधील स्थापनेपासून विद्यार्थ्यांना आश्रमात व खेड्यात नेण्याची प्रथा जोपासली. २०१९ पासून पदवी अभ्यासक्रमात दृष्टिकोन, नीती व संवाद हा भाग समाविष्ट झाला, आरंभीच्या वर्गात स्थानिक भाषाही आली. तथापि, गुणांच्या शर्यतीत असा विषय मागे पडण्याचा धोका उघड आहे.

पुढे प्रत्येक विद्यार्थ्याने गावातील काही कुटुंबे दत्तक घेण्याचा कार्यक्रमही आला. विद्यार्थी गावात येतो तेव्हा त्याला केवळ रक्तदाब मोजू देऊन परत न पाठविता, बाळंतिणीला काय खाऊ घालतात, कोणत्या दुखण्यासाठी प्रथम कोणाकडे जातात, हे ऐकविण्याचे काम शिक्षक व पंचायत सदस्य सहज करू शकतात. त्यासाठी निधीची नव्हे, ओसरीवरच्या तासाभराच्या बैठकीची गरज आहे.