पोटाचे जुने दुखणे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील निदान
(उज्जैन येथील मराठी भाषकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उज्जैन नगरी महाराष्ट्राच्या सीमेबाहेर असली तरी मराठी मनाला ती कधीच परकी वाटलेली नाही. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. शिंदेशाहीच्या काळात येथे आलेल्या मराठी घराण्यांचे वंशज आजही येथे नांदत आहेत. २०२८ साली क्षिप्रेच्या काठी सिंहस्थ भरावयाचा आहे आणि त्यासाठी महाराष्ट्रातून भाविक मोठ्या संख्येने येतील. यात्रा म्हटली की पाणी, अन्न आणि पोट या तिन्ही गोष्टींचा विचार ओघाने आलाच. तथापि आजचा विषय यात्रेतील हगवणीचा नाही. हगवण थांबल्यानंतरही, आणि कित्येकदा हगवण कधी झालेली नसतानाही, वर्षानुवर्षे पाठ न सोडणाऱ्या पोटाच्या दुखण्याचा आहे.

समजा, बडनगर तालुक्यातील चाळिशीच्या आतील एक शेतकरी आहे. तीन वर्षांपासून त्याच्या पोटात कळ येते, शौचास जाऊन आल्यावर ती उतरते. एखाद्या दिवशी तीन वेळा जावे लागते, तर पुढचे दोन दिवस काहीच नाही. पोट फुगते, साफ झाल्यासारखे वाटत नाही. चार दवाखाने झाले. प्रत्येक ठिकाणी ‘जुनाट आंव’ असे सांगून गोळ्या मिळाल्या. सोनोग्राफी झाली, रक्त तपासले, फाईल जाड झाली. अखेरीस एका डॉक्टरांनी सांगितले, ‘तुम्हाला काहीही झालेले नाही.’ घरी परतताना हा गृहस्थ मनाशी म्हणतो की, एक तर डॉक्टरांना रोग कळत नाही, किंवा कर्करोग आहे आणि तो आपल्यापासून लपविला जात आहे. मग पाचवा दवाखाना, नवे कर्ज आणि नव्या तपासण्या.

वस्तुतः त्याला काहीतरी झालेले आहे. वैद्यकशास्त्र त्याला आतड्यांचा कार्यात्मक विकार म्हणते. त्यातील सर्वांत परिचित प्रकार म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, संक्षेपाने आय.बी.एस. विहिरीवरील मोटार शाबूत, पाइप शाबूत, पण विजेचा दाब कमीजास्त होत असेल तर पाणी कधी धो धो येते, कधी थेंबथेंब. मोटार उघडून पाहणाऱ्यास दोष सापडत नाही, म्हणून दोष नाही असे कोणी म्हणत नाही. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचे मोठे जाळे असते व त्याचा मेंदूशी अखंड संवाद चालतो. त्या संवादात बिघाड झाला की आतड्याची हालचाल अनियमित होते आणि एरवी जाणवणारही नाही असा ताण वेदना म्हणून जाणवतो. ‘हे सारे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणणे म्हणूनच चुकीचे, आणि रुग्णाचा अपमान करणारेही आहे.

असे रुग्ण थोडेथोडके नाहीत. भारतीय पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ४ टक्के लोकांत आय.बी.एस. आढळला. २०२१ साली ३३ देशांतील ७३ हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. घरोघर जाऊन विचारणा केली तेथे सर्व प्रकारचे कार्यात्मक विकार मिळून पाचांत एकाला काही ना काही तक्रार होती.

आता मुख्य प्रश्न असा की, हे निदान करावयाचे कसे? अनेकांची समजूत अशी आहे की, सर्व तपासण्या करून झाल्यावर काही सापडले नाही तर शेवटी उरते ते हे निदान. ही समजूतच खर्चाचे मूळ आहे. १९७८ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, रुग्णाला नेमके प्रश्न विचारले तर लक्षणांवरूनच हा विकार पुष्कळसा ओळखता येतो. पुढे ‘रोम निकष’ तयार झाले. त्यांची चौथी आवृत्ती २०१६ सालची. त्यांचा आशय साधा आहे. तक्रारीची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असावी आणि गेल्या तीन महिन्यांत सरासरीने आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखलेले असावे. शिवाय त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असणे, शौचाच्या वेळांची संख्या बदलणे आणि मळाचे स्वरूप बदलणे, या तिन्हींपैकी दोन गोष्टी आढळाव्यात. मळाचे स्वरूप शब्दांत सांगण्यास रुग्ण लाजतो. त्यासाठी सात चित्रांचा ‘ब्रिस्टल तक्ता’ आहे. तो टेबलावर ठेवला की रुग्ण बोट ठेवून दाखवितो. आपल्याकडे ‘पोट साफ होत नाही’ या तीन-चार शब्दांत अनेक अर्थ सामावलेले असतात. रोज शौचास जाणारा मनुष्यही हेच म्हणतो. म्हणून पुढचा प्रश्न विचारणे भाग आहे.

‘जुनाट आंव’ या शिक्क्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. मळाच्या तपासणीत अमिबाच्या गाठी दिसल्या की औषध सुरू होते. परंतु रोग उत्पन्न करणारा एन्टामिबा हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी एन्टामिबा डिस्पार यांच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारख्या दिसतात. हे दोन वेगळे जीव आहेत ही गोष्ट १९९३ साली शास्त्रीयदृष्ट्या मान्य झाली, आणि निरुपद्रवी जीवच अधिक आढळतो. तरीही मेट्रोनिडाझोलची चिठ्ठी लिहिली जाते, दोन महिन्यांनी पुन्हा लिहिली जाते, आणि रुग्णाच्या तोंडाला धातूची चव व मळमळ तेवढी उरते. या औषधाच्या दीर्घ वापराने हातापायांना मुंग्या येऊ शकतात, हे फार थोड्यांना सांगितले जाते.

घाईने औषध लिहिण्याची ही सवय किती खोल गेली आहे याचा पुरावा उज्जैनमध्येच मिळाला. येथे मुलांच्या अतिसारावरील ८४३ चिठ्ठ्या तपासण्यात आल्या व त्याचा वृत्तांत २०११ साली प्रसिद्ध झाला. शिफारशीप्रमाणे केवळ जलसंजीवनी आणि झिंक, दुसरे काही नाही, अशा चिठ्ठ्या निघाल्या अवघ्या सहा. ७१ टक्के चिठ्ठ्यांत प्रतिजैविक औषधे होती. तो अतिसार तात्पुरता होता, येथील विषय जुन्या दुखण्याचा आहे. पण निदानाआधी औषध हा प्रकार दोन्हीकडे सारखाच.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. कार्यात्मक विकार म्हणून धीर द्यावा आणि आत आतड्याचा क्षय किंवा कर्करोग वाढत असावा, असे होता कामा नये. शौचातून रक्त पडणे, कारणाविना वजन उतरणे, ताप, पांडुरोग, झोपेतून उठवणारे दुखणे किंवा जुलाब, पोटात हाताला लागणारी गाठ, गिळताना अडथळा, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, किंवा तक्रार पहिल्यांदा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर सुरू होणे. यांपैकी एकही खूण असेल तर रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवावे. पन्नाशीपुढील स्त्रीचे पोट नव्याने फुगू लागले तर बीजांडकोशाचा विचार अवश्य व्हावा. स्त्रिया अशी तक्रार उशिरा सांगतात, घरचे सगळे उरकल्यावर सांगतात. आरोग्यसेविकांनी ती आपणहून विचारलेली बरी.

मालव्यात आणखी एका गोष्टीकडे लक्ष हवे. हा गव्हाचा प्रदेश. दाल-बाफले हे येथील वैभव. गव्हातील ग्लुटेन न सोसण्याचा सीलियाक रोग उत्तर भारतात सुमारे शंभरात एकाला आढळतो, आणि त्याची लक्षणे आय.बी.एस.सारखीच भासतात. रक्ताच्या एका तपासणीने तो शोधता येतो. पण ती तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नये, नाहीतर निकाल फसवा येतो. रक्तातील हिमोग्लोबिन, दाह दर्शविणारी एखादी चाचणी, मळाची तपासणी आणि ही एक, एवढ्यावर बहुतेक तरुण रुग्णांचे भागते.

सुरुवातीस यात्रेचा उल्लेख आला तो सहज नव्हे. २००० सालच्या मे महिन्यात कॅनडातील वॉकरटन या गावी पिण्याचे पाणी दूषित होऊन दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले. दोन-तीन वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा त्या वेळी हगवण झालेल्यांत आय.बी.एस.चे प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट आढळले. म्हणजे जंतू गेले तरी आतडे पूर्ववत होतेच असे नाही. ‘सिंहस्थाहून आल्यापासून पोट बिघडले’ असे म्हणणाऱ्या रुग्णाचे बोलणे हसण्यावारी नेऊ नये.

उपचारांविषयी थोडक्यात. निदान स्पष्ट शब्दांत, नावासह सांगणे हा पहिला उपचार. नीमच-मंदसौरकडे पिकणारा इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घेतल्यास पुष्कळांना उतार पडतो. गव्हाचा कोंडा मात्र काहींचे पोट अधिक फुगवतो. तिखट शेव ही मालव्याच्या जिभेची कमजोरी आहे, ती महिनाभर दूर ठेवून पाहावी. कळ थांबविणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत.

शिक्षकांसाठी एक शब्द. परीक्षेच्या सकाळी बेंबीभोवती पोट दुखणारे मूल सोंग करीत नसते. दुखणे खरेच असते. ते खेळत असेल, जेवत असेल, त्याची उंची-वजन वाढत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. वाढ खुंटली असेल, दुखणे बेंबीपासून दूर एकाच जागी असेल किंवा रात्री झोपमोड होत असेल, तर पालकांना आरोग्य केंद्राकडे पाठवावे.

बडनगरच्या त्या शेतकऱ्याला पुन्हा चार ते सहा आठवड्यांनी बोलवावे. त्या वेळी नव्या तपासण्या नकोत. पूर्वीचेच प्रश्न विचारावेत आणि वजनकाट्यावर उभे करावे. काटा जागेवर असेल व कळ कमी झाली असेल तर तेच औषध चालू ठेवावे. वजन उतरले असेल तर आधी लिहिलेले निदान बाजूला ठेवून त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी द्यावी.