दहा ग्रॅम प्रथिनांची किंमत

(महिला आणि युवकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, म्हणजे माझं काम हिशेबाचं. म्हणून आज उपदेश न करता किराण्याचा हिशेब मांडते.

चांगलं खायला पैसे लागतात, असं आपल्या मोहल्ल्यात सगळे म्हणतात. चांगलं म्हणजे सफरचंद, बदाम आणि डब्यातली पावडर असं धरलं, तर ते खरंच आहे. पण दुकानात भाव किलोचा असतो आणि शरीर किलो मोजत नाही. म्हणून मी वेगळा भाव काढला: दहा ग्रॅम प्रथिनं कितीला पडतात? दर आमच्या गल्लीतल्या दुकानाचे आहेत, तुमच्याकडे थोडे कमी-जास्त असतील.

सोयाबीन वड्या १२० रुपये किलो. दहा ग्रॅम प्रथिनं अडीच रुपयांच्या आत. चणाडाळ ९० रुपये, सव्वाचार रुपये. तूरडाळ १३० आणि शेंगदाणे १४०. दोन्ही साधारण सहा रुपये. सात रुपयांचं अंडं, साडेअकरा रुपये. आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा? पंधराच्या आसपास, वर साखर आणि मैदा. आपल्याला स्वस्त वाटतो तो पुडाच या यादीत सगळ्यात महाग आहे. सकाळच्या चहा-खारीचंही तेच.

५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या, पन्नास ग्रॅम तूरडाळ, मूठभर शेंगदाणे, एक अंडं आणि रेशनच्या तांदळाचा भात: ४५ ग्रॅम होतात. खर्च पंचविसाच्या आत. तेल, भाजी, मसाला वेगळा. धान्यात जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत कमी असतं ते धान्यात. आपल्या खिचड्यात गहू आणि डाळी एकत्र शिजतात, ते उगाच नाही. गोश्त परवडलं नाही तर गोश्ताशिवायचा खिचडाही ताकदीचाच असतो.

गोश्ताचं बोलायलाच हवं. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि अनेक गरीब घरांचं सगळ्यात स्वस्त मांस गेलं. त्यावर काय म्हणायचं ते आपण योग्य ठिकाणी म्हणू. तोवर मुलांचं ताट थांबत नाही. कोंबडीची कलेजी-पेटा मांसापेक्षा स्वस्त मिळते, लोहही भरपूर असतं. गरोदर बाईने मात्र कलेजी वरचेवर खाऊ नये. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. शेवग्याचा पाला तर कित्येकदा फुकट मिळतो.

आणखी एक बिनखर्चाची गोष्ट. जेवणाबरोबर किंवा जेवण होताच चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तासभर थांबा. डाळीवर लिंबू पिळा, पेरूची फोड खा. लोह जास्त शोषलं जातं.

आता मुद्द्याचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. पुरुषांमध्ये हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी. हंडी एकच, चूलही एकच. पाळी आणि बाळंतपणं हे एक कारण आहेच. पण आधी पुरुष, मग मुलगे, मग मुली आणि शेवटी खरवडलेल्या हंडीतून अम्मी, हेही कारण आहे. सालनातली बोटी कोणाच्या ताटात जाते, हा प्रश्न पैशांचा नाही. घरात चारच अंडी असतील तर ती कोणी खायची, हे आज घरी गेल्यावर पुरुषांनी ठरवावं.

उरलं ते हक्काचं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कार्डावर सुनेचं, नातवाचं नाव चढलंय का? ते नसेल तर दर महिन्याला पाच-पाच किलो सोडून देतोय आपण. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांना अंगणवाडीतून आहार मिळतो. तो घ्यायला लाजू नका, निकृष्ट असेल तर बोलायला घाबरू नका.

या महिन्यात तीन कामं करू. दहा घरांनी मिळून डाळ-शेंगदाणे घाऊक बाजारातून आणून वाटून घ्यावेत. शिकलेल्या मुला-मुलींनी आपल्या गल्लीतली रेशनकार्डं तपासून राहिलेली नावं चढवायला मदत करावी. आणि प्रत्येक मुलीची, प्रत्येक आईची हिमोग्लोबिन तपासणी सरकारी दवाखान्यात व्हावी. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. आकडा वर गेला तर हिशेब बरोबर होता असं समजू. नाही गेला तर गोळ्या सुरू करायच्या का, हे डॉक्टरांना विचारू.