बंद कोठीत सोंडा शिरतो कुठून?

(पहूर, ता. जामनेर येथील बैठकीत केलेले भाषण)



कापसाचा भाव, विजेचे बिल, कर्जाची वसुली हे आपल्या बैठकीचे नेहमीचे विषय. आज मला विषय दिला आहे कॉम्प्युटरच्या विषाणूचा. मघाशी मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "भाऊ, हा विषय शहरवाल्यांचा. आपला काय संबंध?" त्याचे उत्तर देऊनच सुरुवात करतो.

तुमच्या कर्जाचे खाते आता लाल कापडात बांधलेल्या वहीत नाही. ते सोसायटीच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. जिनिंगवर गाडी काट्यावर चढते, तिचे भरल्या गाडीचे आणि रिकाम्या गाडीचे वजन कॉम्प्युटरच लिहितो. डेअरीवर दुधाचे माप आणि फॅट तोच धरतो. गावागावांतल्या सोसायट्या कॉम्प्युटरवर आणायची योजना केंद्राने 2022 साली मंजूर केली, ती 63,000 सोसायट्यांसाठी. म्हणजे घाम तुमचा, पण त्याचा हिशेब त्या डब्यात. डबा बिघडला तर नुकसान कुणाचे? सेक्रेटरीचा पगार थांबत नाही. नुकसान तुमचे.

मी एका सोसायटीत चार वर्षे कॉम्प्युटरचे काम पाहिले. नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. आमच्या कॉम्प्युटरला इंटरनेट नव्हते. आम्ही छाती पुढे काढून सांगायचो, "आमच्याकडे व्हायरस येणारच कसा? बाहेरची तारच नाही." अँटिव्हायरस एकदा टाकला होता. तो जुना झाल्याचा इशारा रोज कोपऱ्यात यायचा आणि मी रोज तो बंद करायचो.

मार्च महिना होता. वसुलीची गर्दी. 31 मार्चच्या आत भरणा केला तरच व्याजाची सवलत, म्हणून लोक उसनेपासने करून पैसे भरत होते. एक ओळखीचा माणूस लग्नपत्रिकेचा मजकूर छापून घ्यायला पेनड्राईव्ह घेऊन आला. मी लावला, छापून दिला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उघडला तर खातेदारांच्या फोल्डरांच्या जागी नुसत्या बाणाच्या खुणा. उघडायला गेले की काहीच नाही. मी घाबरलो आणि पूर्ण मशीन पुसून पुन्हा विंडोज टाकले. नंतर जाणकाराने सांगितले, "अरे, त्या जातीचा व्हायरस फायली पुसत नाही, लपवतो. लपलेल्या फायली दाखवायची सोय विंडोजमध्येच होती." व्हायरसने लपवले होते, मी पुसले.

तीन महिन्यांच्या नोंदी गेल्या. ज्यांनी पावत्या जपल्या होत्या, त्यांच्या नोंदी पुन्हा घालता आल्या. एका आजीची पावती घर गळते म्हणून भिजून गेली होती. तिने पैसे भरले होते हे सगळ्यांना ठाऊक होते, पण कागद नव्हता. ती ओट्यावर बसून एवढेच म्हणत होती, "मी भरले ना रे बाबा." ते वाक्य मी विसरलेलो नाही. म्हणून आज इथे उभा आहे.

आता मायबहिणींना एक प्रश्न. दादर चांगली वाळवून कोठीत भरली, तोंड लिंपून बंद केले. चार महिन्यांनी उघडली तर सोंडा. कोठी बंद होती, मग सोंडा आला कुठून? तो बाहेरून भिंत फोडून आला नाही. तो बारदानातून आला, किंवा दाण्याबरोबरच आत गेला. इंटरनेट नसलेला कॉम्प्युटर ही बंद कोठी आहे आणि पेनड्राईव्ह हे बारदान आहे.

हे आजचे नाही. 1986 साली लाहोरच्या दोघा भावांनी केलेला ब्रेन नावाचा व्हायरस जगभर फिरला. तेव्हा घरोघर इंटरनेट कुठे होते? तो फ्लॉपीवर बसून फिरला. 2010 साली स्टक्सनेट उघडकीला आला. इराणमध्ये नतान्झ येथे युरेनियमचा कारखाना, बाहेरच्या जगाशी तार मुद्दाम तोडलेली, बंदोबस्त लष्कराचा. तिथेही यंत्रे बिघडवली, आणि तो किडा पसरत होता पेनड्राईव्हवरून. जिथे लष्कराचा बंदोबस्त अपुरा पडला, तिथे आपल्या सोसायटीच्या दाराचे कुलूप काय पुरणार?

या रोगावर औषध करणारे आपल्याच मातीतले निघाले, हेही सांगितले पाहिजे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीला लागले. गिऱ्हाइकाची मशीन व्हायरसनेच बंद पडतात हे त्यांनी पाहिले आणि कॉम्प्युटर शिकलेला धाकटा भाऊ संजय याने त्यावर प्रोग्राम लिहिला. त्यातून नव्वदच्या दशकात क्विक हील उभे राहिले. 2016 साली ती कंपनी शेअरबाजारात गेली. त्या काळी अँटिव्हायरसचा ताजा माल फ्लॉपीवरूनच हातोहात जायचा. तेव्हा इंटरनेट नसताना अँटिव्हायरस ताजा ठेवणे ही काही नवी विद्या नाही. आपण ती सोडून दिली आहे, एवढेच.

ताजा ठेवायचा म्हणजे काय? अँटिव्हायरसकडे ओळखीच्या चोरांची एक यादी असते. आलेली फाईल तो त्या यादीशी ताडून पाहतो. चोर रोज नवे निघतात, यादी जुनी राहिली की नवा चोर समोरून नमस्कार करून आत जातो. आपल्याला हे नवे नाही. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, 2006 साली दोन जनुकांचे बियाणे आले. आपण समजलो, अळीचा प्रश्न कायमचा मिटला. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली. अळी बदलली होती, आपण फरदड ठेवून तिला घर देत होतो आणि पाकिटावरच्या जुन्या भरवशावर झोपलो होतो. अँटिव्हायरसचेही तसेच आहे. एकदा टाकला आणि विसरला, तर तो फक्त नावाला.

आता काम कसे करायचे ते सांगतो. लिहून घ्या.

पहिले, तारीख बघा. अँटिव्हायरस उघडला की व्हायरसची यादी कोणत्या तारखेची आहे ते लिहिलेले असते. महिन्याहून जुनी असेल तर ढिलाई समजा. वर्षाची असेल तर औषध नाहीच असे समजा.

दुसरे, तुमच्या मशीनचा तपशील कागदावर लिहा. विंडोज कोणते, 32 बिटचे की 64 बिटचे, अँटिव्हायरस कोणता आणि त्याची आवृत्ती कोणती. चुकीची फाईल आणली तर हेलपाटा वाया.

तिसरे, ताजी फाईल उतरवून घ्या. बहुतेक कंपन्या यासाठी ऑफलाईन अपडेटची वेगळी फाईल ठेवतात. क्विक हीलची आहे. विंडोजबरोबर फुकट येणाऱ्या डिफेंडरचीही मायक्रोसॉफ्टच्या पानावर आहे. ती शंभर एमबीच्या वर जाते, पण आज पोराच्या मोबाईलवर तेवढे सहज उतरते. फाईल कंपनीच्याच पानावरून घ्यायची. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, कुणी फुकटची 'क्रॅक' दिली, तर घ्यायची नाही. बिनपावतीचे, बिनलेबलचे बियाणे घेऊन आपण किती वेळा बुडालो ते आठवा.

चौथे, या कामाचा पेनड्राईव्ह वेगळा ठेवा. त्यावर रंगाने खूण करा. त्यात लग्नपत्रिका नाही, गाणी नाहीत, पिक्चर नाही. फाईल ऑफिसच्या मशीनवर नेली की आधी पेनड्राईव्ह तपासायचा, मग फाईल चालवायची, मग तारीख बदलली का ते पाहायचे आणि शेवटी पूर्ण मशीन तपासायला लावून जेवायला जायचे. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहून सही करायची.

पाचवे, बाहेरचा कोणताही पेनड्राईव्ह तपासल्याशिवाय उघडायचा नाही. तो साहेबाचा असो, ऑडिटरचा असो की चेअरमनच्या मुलाचा. सोंडा बारदानाच्या मालकाची जात बघत नाही.

कोणी म्हणेल, "मोबाईलचे इंटरनेट जोडून टाकू की!" मशीन नवे असेल, विंडोज चालू आधाराचे असेल, तर जरूर जोडा, काम सोपे होईल. पण काट्यावरच्या मशीनमध्ये बहुधा जुने विंडोज असते, कारण काट्याचा प्रोग्राम नव्यावर चालत नाही. विंडोज 7 चा आधार जानेवारी 2020 मध्ये संपला, विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. मे 2017 मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला. त्याला अडवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती लावली नव्हती ते सापडले. तेव्हा जुने मशीन इंटरनेटला जोडणे म्हणजे कुंपण नसलेल्या शेताचा बांधही मोडून टाकणे. ते बंदच ठेवा आणि फाईल हाताने न्या.

आणि एक खरे बोलतो. हे सगळे करूनही एखादा किडा सुटेल. शंभर टक्के हमी देणारा औषधवाला आणि शंभर टक्के हमी देणारा अँटिव्हायरसवाला, दोघांनाही दारातूनच परत पाठवा. म्हणून बियाण्याची दादर जशी आपण खायच्या कोठीत ठेवत नाही, तशी हिशेबाची नक्कल वेगळी ठेवायची. रोज संध्याकाळी नक्कल काढायची आणि काढल्यावर पेनड्राईव्ह किंवा डिस्क मशीनपासून सोडवून कुलपात ठेवायची. खंडणी मागणारा व्हायरस मशीनला लावून ठेवलेल्या नकलेलाही कुलूप घालतो. आठवड्याची एक नक्कल दुसऱ्या घरी. महिन्याच्या शेवटी खातेउतारे कागदावर छापून सहीशिक्क्याने ठेवायचे. कागदाला व्हायरस लागत नाही. आणि मशीन बिघडलेच, तर माझ्यासारखे घाबरून पुसू नका. बंद करा, पेनड्राईव्ह काढा, जाणकाराला बोलवा.

हे सगळे सेक्रेटरीवर सोडून चालणार नाही. सोसायटी सभासदांची आहे. 30 सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. तिथे आपण चहा पिऊन सही करून परत येतो. या वर्षी उठून तीन प्रश्न विचारा. एक, अँटिव्हायरसच्या यादीची तारीख काय? दोन, शेवटची नक्कल कधी काढली आणि ती कुठे आहे? तीन, ती नक्कल दुसऱ्या मशीनवर उघडून कोणी पाहिली आहे का? तिसरा प्रश्न विसरू नका. न उघडलेली नक्कल म्हणजे न उगवून पाहिलेले बियाणे.

जिनिंगवर गेलात तर काट्याची पावती हातात घेतल्याशिवाय गाडी हलवू नका. भरण्याची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवा, मोबाईलवर तिचा फोटो काढा. पुढच्या मार्चमध्ये कुठल्या आजीला ओट्यावर बसून "मी भरले ना रे बाबा" म्हणायची वेळ येऊ नये.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या सोसायटीची ती तारीख कागदावर लिहून आणावी. ज्यांना कबूल असेल त्यांनी हात वर करावेत.